बिल आले, बिल भरले

आपल्या रोजच्या बोलण्यात इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. स्टेशन, तिकीट, मोटार, डॉक्टर, बँक, सोसायटी. हे शब्द आता आपल्याला परके वाटत नाहीत. शाळेची पायरी न चढलेला माणूसही ते सहज बोलतो. असाच एक लहानसा शब्द आहे. तो म्हणजे बिल.

अक्षरे दोनच. पण कामे किती! सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कोणत्याही गावात जा. चावडीपुढे घटकाभर बसा. हा शब्द कानावर पडेलच.

"कारखान्याचं बिल सुटलं का?"

"या खेपेला लाइटचं बिल लई आलंय."

"दुकानदारानं बिल दिलंच न्हाई."

"गटाराचं बिल निघालं, पण गटार कुठाय?"

"मुंबईत बिल पास झालं म्हणं."

पाच माणसे बोलली. शब्द एकच वापरला. पण पहिल्याच्या बिलाने घरात पैसा येणार आहे. दुसऱ्याच्या बिलाने घरातला पैसा जाणार आहे. तिसऱ्याचे बिल म्हणजे पुराव्याचा कागद आहे. चौथ्याचे बिल गावाच्या पैशातून गेले आहे. पाचव्याचे बिल पैशाचे नाहीच, ते कायद्याचे आहे.

बोलताना आपला गोंधळ होत नाही. समोरचा माणूस काय म्हणतो ते आपल्याला बरोबर कळते. पण कागद हातात आला की गोंधळ होतो. तो गोंधळ महागात पडतो. आता आपल्याला वाचता येऊ लागले आहे. तेव्हा हा शब्द एकदा नीट उलगडून पाहू.

हा शब्द आला कुठून?

फार जुन्या काळी युरोपात लॅटिन नावाची भाषा होती. त्या भाषेत बुल्ला असा एक शब्द होता. कागदाला जी गोल मोहोर लावत, तिला बुल्ला म्हणत. पुढे मोहोर लावलेल्या कागदालाही तेच नाव पडले. त्याच शब्दावरून इंग्रजीत बिल हा शब्द झाला. म्हणजे बिल या शब्दाच्या मुळाशी आहे लिहिलेला, खरा मानलेला कागद. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडेल.

इंग्रजीत या शब्दाचे आणखीही अर्थ आहेत. आपले जुने सावकार आणि व्यापारी हुंडी लिहीत. तशा कागदालाही इंग्रज बिल म्हणत. अमेरिकेत कागदी नोटेला बिल म्हणतात. पक्ष्याच्या चोचीलाही इंग्रजीत बिल म्हणतात, पण तो शब्द मुळात निराळा आहे. उच्चार तेवढा सारखा. जत्रेत, बाजारात वाटतात त्या छापील कागदाला आपणही हँडबिल म्हणतो. हँड म्हणजे हात. हातात द्यायचा कागद तो हँडबिल.

उंदराचे बीळ मात्र आपले मराठीच आहे. त्याचा या बिलाशी संबंध नाही. तरी एक गोष्ट सारखी आहे. बिळात काय आहे ते बघितल्याशिवाय शहाणा माणूस हात घालीत नाही. बिलात काय आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये.

मिळायचे बिल

शहरातल्या माणसाला बिल म्हटले की खर्च आठवतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला बिल म्हटले की ऊस आठवतो. शेंद्रे, रेठरे बुद्रुक, साखराळे, कुंडल अशा गावी साखर कारखाने उभे राहिले. ऊस कारखान्याला जातो. कारखाना त्याचा हिशेब करतो आणि पैसे बँकेत जमा करतो. तेच उसाचे बिल. मुलीचे लग्न, घराचा पत्रा, विहिरीचे काम, सारे त्या बिलावर ठरते.

पण बिल किती झाले, हे पुष्कळांना नीट सांगता येत नाही. साक्षरता वर्गात मास्तर आणि तात्या काय बोलले ते पाहा.

"तात्या, ऊस किती गेला तुमचा?"

"चाळीस टन."

"मग बिल किती झालं?"

"शेहेचाळीस हजार."

"न्हाई तात्या. शेहेचाळीस हजार तुमच्या हातात आलं. बिल झालं एक लाख वीस हजार."

"आवं मास्तर, मग मधलं पैसं गेलं कुठं?"

"कागदावर लिहिलंय की. चला, वाचू या."

कागदावर हिशेब असा होता. ऊस ४० टन. तोडणी आणि वाहतूक वजा जाऊन दर टनाला ३,००० रुपये. एकूण रक्कम १,२०,००० रुपये. त्याखाली कपात. विकास सोसायटीचे कर्ज ६५,००० रुपये. कारखान्याकडून नेलेले खत आणि बियाणे ९,००० रुपये. एकूण कपात ७४,००० रुपये. उरले ४६,००० रुपये. त्यापुढे शब्द होते, निव्वळ देय. निव्वळ देय म्हणजे सगळे वजा जाऊन हातात येणारी रक्कम.

तात्यांनी कर्ज काढले होते, खतही नेले होते. हिशेबात चूक नव्हती. पण चूक असती, तरी ती तात्यांना कळली नसती. खत नऊ हजारांचे की सात हजारांचे, हे कागद वाचल्याशिवाय कसे कळणार? म्हणून उसाच्या बिलात तीन आकडे शोधावे. एकूण किती, कपात किती, निव्वळ किती.

एक आकडा त्याहून आधीचा आहे. तो म्हणजे वजन. काट्यावर आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, मग रिकाम्या गाडीचे. समजा भरलेली गाडी १८ टन ४०० किलो झाली. रिकामी गाडी ६ टन १५० किलो झाली. तर ऊस भरला १२ टन २५० किलो. प्रत्येक खेपेची वजनाची पावती जपून ठेवा. सगळ्या पावत्यांची बेरीज करा. ती बिलातल्या टनाशी जुळली पाहिजे.

दराचेही नियम आहेत. २००९ पासून केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवते. त्यालाच लोक एफ.आर.पी. म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. पण तो १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे १०० किलो उसापासून किती किलो साखर निघाली तो आकडा. उतारा बदलला की दर बदलतो. शिवाय आपल्याकडे या दरातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. म्हणून शेजारच्या दोन कारखान्यांचे दर सारखे नसतात.

आणखी एक गोष्ट. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, असे १९६६ सालच्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे. उशीर झाला तर सालाला १५ टक्के व्याज द्यावे, असेही त्यात आहे. बिल कधी सुटेल हे नशिबावर नसते. त्याला कायद्याची मुदत आहे.

दुधाचे बिलही असेच मिळायचे. काही गावांत त्याला दुधाचा पगार म्हणतात. बहुतेक डेअऱ्या दर दहा दिवसांनी हे बिल करतात. त्यात लिटर, फॅट, एस.एन.एफ. आणि दर लिहिलेला असतो. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता. एस.एन.एफ. म्हणजे पाणी आणि स्निग्धता सोडून दुधात जो घन भाग उरतो तो. गाईच्या दुधाचा दर सांगताना ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. धरतात. आकडा खाली गेला की दरही खाली येतो.

समजा एका आक्कांचे दहा दिवसांचे दूध ६० लिटर झाले. दर ३२ रुपये. बिल झाले १,९२० रुपये. पेंडीचे पोते उधार नेले होते, त्याचे १,२०० रुपये कापले. हातात आले ७२० रुपये. ७२० रुपये पाहून आक्का म्हणतील, म्हैस बरी, गाय परवडत नाही. पण गाईने १,९२० रुपये दिले आहेत. गाय परवडते की नाही, हे एकूण रकमेवरून आणि खर्चावरून ठरवायचे. हातात आलेल्या पैशावरून ठरवायचे नाही.

भरायचे बिल

लाइटचे बिल भरायचे असते. ते आले की लोक फक्त एकच आकडा पाहतात, किती रुपये. बाकीचा कागद कोरा असल्यासारखा बाजूला टाकतात. पण खरे सांगायचे ते बाकीच्या कागदातच असते.

त्यावर बारा अंकांचा ग्राहक क्रमांक असतो. तो आपलाच आहे ना, हे आधी पाहा. मग मागील रीडिंग आणि चालू रीडिंग पाहा. समजा मागील रीडिंग ४,२१५ आणि चालू रीडिंग ४,२९३ आहे. वजाबाकी करा. ७८ आले. म्हणजे ७८ युनिट वीज जळली. एक युनिट म्हणजे किती? १०० वॅटचा दिवा १० तास जळला की एक युनिट होते. १० वॅटचा दिवा १०० तास जळला की एक युनिट होते.

आता घरातल्या मीटरपाशी जा आणि आकडा वाचा. मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगच्या आसपास, थोडा पुढे असला पाहिजे. बिलातला आकडा मीटरच्या पुढे पळाला असेल, तर कुठेतरी चूक आहे. कधी रीडिंग न घेता सरासरीने बिल येते. तसे असेल तर ते बिलावर दिसते. अशा वेळी कचेरीत अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

बिलात वापरलेल्या विजेखेरीज स्थिर आकार असतो. एक युनिट जाळले नाही तरी तो लागतो. मागची थकबाकी असेल तर तीही याच बिलात येते. म्हणून बिल मोठे दिसले की आधी पाहावे, हे या महिन्याचे की मागचे साचलेले.

बिल थकले म्हणून कोणी एकाएकी वीज तोडू शकत नाही. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे आधी पुरत्या १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण नोटीस आली आणि ती वाचलीच नाही, तर कायदा तरी काय करणार?

मागून घ्यायचे बिल

दुकानात आपण माल घेतो, पैसे देतो आणि चालू लागतो. बिल मागत नाही. मागितले तर दुकानदाराला राग येईल असे वाटते. किंवा दुकानदार पाटीवर, चिठोऱ्यावर आकडे लिहून देतो. त्याला कच्चे बिल म्हणतात. त्यावर दुकानाचे नाव नसते, तारीख नसते, सही नसते. भांडण झाले तर ते चिठोरे कामाला येत नाही.

पक्क्या बिलावर दुकानाचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. बिलाचा नंबर, तारीख, मालाचे नाव, वजन किंवा नग आणि किंमत लिहिलेली असते. बियाणे घेताना लॉट नंबर बिलावर लिहून घ्यावा. औषध घेताना मुदत कधी संपते ते पाहावे. उद्या बियाणे उगवले नाही, तर कृषी अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतील, बिल आहे का? पिशवी आणि बिल जवळ असेल तर तक्रारीला पाय असतात. नाहीतर आपले एक हंगामाचे पीक जाते आणि वर आपणच खोटे ठरतो.

बिल मागणे हा आपला हक्क आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून बिल मागताना ओशाळू नका. गोड शब्दांत मागा, पण मागा.

इथे एक फरक समजून घ्या. बिल आणि पावती एक नव्हे. बिल सांगते, किती पैसे द्यायचे. पावती सांगते, पैसे मिळाले. लाइटचे बिल घरात असले म्हणजे ते भरले असे होत नाही. भरल्याचा पुरावा पावती. दोन्ही कागद एकाला एक टाचून ठेवावे.

काढायचे बिल

गावात रस्ता होतो, गटार होते, शाळेची खोली होते. काम करणारा ठेकेदार आपल्या कामाचे पैसे मागतो. ते मागणे म्हणजेही बिल. त्याची रीत ठरलेली आहे. आधी काम होते. मग इंजिनियर कामाचे माप घेतो आणि मोजमाप पुस्तिकेत लिहितो. लांबी किती, रुंदी किती, जाडी किती. त्या मापावर बिल तयार होते आणि पैसे मिळतात. यालाच बिल निघाले म्हणतात.

हे पैसे कोणाचे? गावाचे, म्हणजे तुमचे आमचे. म्हणून हे बिल पाहण्याचा हक्कही तुमचा आमचा आहे. ग्रामसभेत विचारा, या कामाचे बिल किती निघाले? उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. अर्जाची फी १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. ३० दिवसांच्या आत माहिती दिली पाहिजे. मोजमाप पुस्तिकेतल्या पानाची नक्कल मागा. मग टेप घ्या आणि रस्त्यावर जा. कागदावर २०० मीटर आणि जमिनीवर १५० मीटर असेल, तर वाचता येणाऱ्या माणसाला आणखी काही सांगायला नको.

पास व्हायचे बिल

आता शेवटचे बिल. बातम्यांत सांगतात, विधानसभेत बिल मांडले. इथे बिल म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. मराठीत त्याला विधेयक म्हणतात.

आपल्या राज्यात दोन सभागृहे आहेत. विधानसभेत निवडून आलेले २८८ आमदार असतात. विधान परिषदेत ७८ जागा आहेत. सरकार किंवा एखादा आमदार बिल मांडतो. त्यावर चर्चा होते. दोन्ही सभागृहांत ते मंजूर झाले, की राज्यपालांकडे जाते. त्यांची संमती मिळाली म्हणजे बिलाचा कायदा होतो. दिल्लीतही अशीच रीत आहे. तिथे लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपती.

म्हणून बिल आले म्हणजे कायदा झाला असे समजू नये. कोणी गावात येऊन सांगेल, "नवं बिल आलंय, आता जमीन जाणार." त्याला विचारावे, "नुसते मांडले आहे, का पास झाले? का कायदा झाला?" तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. बिल असेपर्यंत त्यात बदल होऊ शकतो. आपल्या आमदाराला सांगायची वेळ तीच असते.

असे बिल दूरचे वाटते, पण त्याने घरची चूल पेटते. सांगली जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, अशी त्यांची कल्पना. १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची योजना राज्यभर आली. पण योजना आज असते, उद्या बंद होऊ शकते. म्हणून तिचे बिल आले. १९७७ साली विधिमंडळाने ते मंजूर केले आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. काम मागणे हा मजुराचा हक्क झाला. २००५ साली संसदेने रोजगार हमीचा कायदा साऱ्या देशासाठी केला. तासगावच्या रानातली गोष्ट दिल्लीपर्यंत गेली.

साताऱ्याचेही एक उदाहरण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. बुवाबाजी आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झटले. बिल कितीदा पुढे आले आणि कितीदा अडकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने बिल मंजूर केले. एका बिलासाठी माणसे आयुष्य वेचतात, ते यासाठी.

पुढचा शब्द पाहा

मग एवढ्या बिलांतून आपले बिल ओळखायचे कसे? सोपी खूण आहे. बिल या शब्दाच्या पुढचा शब्द पाहा. बिल सुटले, बिल जमा झाले, तर पैसा आला. बिल भरले, बिल थकले, तर पैसा द्यायचा. बिल घेतले, तर पुरावा मिळाला. बिल काढले, तर कोणाच्या तरी कामाचे पैसे गेले. बिल मांडले, बिल पास झाले, तर कायद्याची गोष्ट.

आणि सगळ्या बिलांत एक गोष्ट सारखी आहे. ती आरंभीच सांगितली. बिल म्हणजे लिहिलेला कागद. जे लिहिले आहे ते वाचता येते. जे वाचता येते त्याला प्रश्न विचारता येतो.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर रानात राबून मोठी माणसे रात्री पाटी घेऊन बसली. अंगठ्याच्या जागी सही आली. सही आली ही मोठीच गोष्ट झाली. पण सही करण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचणे, ही त्याच्या पुढची पायरी आहे. अंगठा असो की सही, न वाचता केली तर दोन्ही सारखीच.

हे करून पाहा

१. घरातले शेवटचे लाइटचे बिल काढा. मागील आणि चालू रीडिंगची वजाबाकी करा. युनिट जुळतात का?

२. उसाच्या किंवा दुधाच्या बिलात एकूण, कपात आणि निव्वळ हे तीन आकडे शोधा.

३. एका पिशवीत या वर्षाची सगळी बिले आणि पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवा.

४. पुढच्या खेपेला दुकानातून बियाणे किंवा औषध घ्याल तेव्हा पक्के बिल मागा.

५. शेजारी ज्याला वाचता येत नाही, त्याचे एक बिल त्याला वाचून दाखवा. आणि वर्गाला येण्याचे आमंत्रण द्या.